लढाईच्या माळावर मुक्कामाची तयारी

"मुलं राहतील मुक्कामी. मुलींना संध्याकाळच्या एसटीनं परत पाठवून देऊ," असं आमचे मुख्याध्यापक अगदी सहज बोलून गेले आणि माझं टाळकं सरकलं. माझं टाळकं लवकर सरकतं हे शाळेत सगळ्यांना माहीत आहे. माझा आवाज चढला की आमचे शिपाईमामा आधी ऑफिसच्या खिडक्या लावून घेतात. त्या दिवशी त्यांनी दारही लावलं.

विषय होता आमच्या स्काउट-गाईड पथकाच्या दोन दिवसांच्या पदभ्रमंतीचा. आंजीच्या पुढं एका आडगावात आमची शाळा. मी मराठी आणि इतिहास शिकवते, आणि तीन वर्षांपासून गाईडच्या मुली माझ्याकडे आहेत. आधीच्या बाईंची बदली झाली आणि हे काम कोणाला द्यायचं ते ठरलं, त्या दिवशी नेमकी मी एकटी रजेवर होते. मुलांचे स्काउट मास्तर म्हणजे आमचे गणिताचे सर. हा माणूस गळ्यात शिट्टी असल्याशिवाय जेवायलाही बसत नाही. आम्ही दोघांनी ठरवलं होतं की यंदा पाठीवर सामान घेऊन चालत जायचं आणि लढाईच्या माळावर एक रात्र मुक्काम करायचा. शाळेपासून अकरा किलोमीटर. भोसल्यांच्या काळात तिथं दोन फौजा भिडल्या असं आजूबाजूच्या गावांतले लोक सांगतात. तिथं ना पाटी, ना पुतळा. टेकडीचा उतार, खाली नाला, पळसाची झाडं, आणि नांगर खोल गेला की कधीमधी वर येणारा गंजक्या लोखंडाचा तुकडा, एवढंच. मला मात्र ती जागा जाम आवडते.

"सर," मी म्हटलं, "संध्याकाळी परत यायचं तर मुलींनी अंथरूण-पांघरूण पाठीवर वाहून न्यायचं कशाला? माळाला दाखवायला?"

"मॅडम, जबाबदारीचा प्रश्न आहे."

"मग मी काय भाजी आणायला चाललेय का?"

बराच वेळ हे चाललं. शेवटी मुख्याध्यापक दमले आणि एक अट घालून मोकळे झाले. आठही मुलींच्या घरून लेखी परवानगी हवी. ज्या मुलीची चिठ्ठी नाही ती जाणार नाही, मग मी कितीही ओरडले तरी. मी म्हटलं, मंजूर.

चार दिवसांत सात चिठ्ठ्या आल्या. आठवी आली नाही, आणि ती नेमकी आमच्या संघनायिकेची होती. संघनायिका म्हणजे मुलींच्या तुकडीची म्होरकी. नववीतली उंच, काटक पोरगी. दोरीची कुठलीही गाठ डोळे मिटून मारायची, ओल्या लाकडांनी चूल पेटवायची, फक्त बोलायची नाही. तिला काही विचारलं की ती आधी पायाच्या अंगठ्याकडे बघायची. गाईडमधली तिसरी पायरी, तृतीय सोपान म्हणतात तिला, ती पुरी व्हायला मुक्कामाची एक पदभ्रमंती लागतेच. पुढच्या वर्षी दहावी, म्हणजे गाईड बंद. यंदा नाही तर कधीच नाही, असा सगळा मामला. तिनं मला त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. पण सामानाच्या यादीचा कागद तिनं एवढ्या वेळा घडी घालून उघडला होता की तो घडीवर फाटला होता.

मग मी तिच्या घरी गेले. तिचे वडील जंगल खात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जातात. अंगणात पोचले तेव्हा बाप-लेक मजेत गप्पा मारत होते, आणि ही पोरगी हातवारे करकरून, हसून बोलत होती. मला एक शब्द कळेना. मला बघताच ती चूप. घरात ते गोंडी बोलतात हे मला तीन वर्षांत पहिल्यांदा कळलं. शाळेत तिनं त्या भाषेतला एक शब्दही कधी तोंडातून काढला नव्हता.

"मी नाई म्हनून नाई राह्यलो मॅडम," तिचे वडील म्हणाले. "पन पयले मी जागा पायतो. पोरगी कुठं निजन, पानी कुठून आनन, थे मले दिसलं पायजे."

"बरोबर आहे भाऊ. रविवारी आम्ही पाहणीला चाललोय. तुम्ही पण या."

"येतो. गाडीनं येतो."

मला तो माणूस तिथंच आवडला. आंधळेपणानं सही ठोकणाऱ्या सातांपेक्षा हा बरा, असंही मनात आलं.

दरम्यान शाळेत तयारीचा नुसता धुमाकूळ चालला होता. सरांचं म्हणणं, पाठीवरचं ओझं मुलाच्या वजनाच्या सहाव्या भागापेक्षा जास्त नको. त्यांनी शिपाईमामांकडून धान्याचा काटा मागवला आणि एकेका पोराला त्यावर उभं केलं. पाठपिशव्या कोणाकडे होत्या? कोणाचं दप्तर, कोणाची कपाशीच्या बियाण्याची पिशवी, तिला जुन्या ओढणीचे पट्टे शिवलेले. त्यात विटा भरून आम्ही रोज शेवटच्या तासाला मैदानाला फेऱ्या मारायचो. गणवेश, गळ्यात स्कार्फ, पाठीवर विटा, पुढं शिट्टी वाजवणारे सर. कुंपणाबाहेर कापूस वेचून परत येणाऱ्या बाया थांबून बघायच्या. एकीनं मला विचारलंच, "काऊन मॅडम, घर बांधून राह्यल्या का?"

"हो, येजो वास्तूला," मी म्हटलं. त्या सगळ्या पदर तोंडाला लावून हसल्या.

जेवणावरून तर तीन बैठका झाल्या. सरांच्या पुस्तकात उपमा लिहिला होता. पोरांनी एका आवाजात सांगितलं, रोडगे. आमच्याकडे रानात जेवण म्हणजे रोडगे, कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, तूप ओतायचं, वांग्याची भाजी आणि वरण. "अरे पण गोवऱ्या पाठीवर कोण नेणार?" सर कळवळून म्हणाले. एक पोट्टा म्हणाला, "सर, गोवऱ्या मी नेतो. पन उपमा कोनीच नाई नेत." सरांनी शिट्टी वाजवून बैठक संपवली, आणि दुसऱ्या दिवशी यादीत स्वतःच्या अक्षरात 'रोडगे' लिहून आणलं.

रविवारी पाहणीला आम्ही आठ जण निघालो. सर, मी आणि निवडक सहा पोरं, त्यात आमची संघनायिका. तिचे वडील मोटारसायकलनं मागून आले. थंडीचे दिवस, तुरी वाळायला आलेल्या, हरभरा घाट्यावर. पोरांचा हात दर दहा पावलांवर हरभऱ्याकडे जायचा आणि सरांची शिट्टी वाजायची. संघनायिका पुढं चालत होती. तिला वाट आधीच माहीत आहे असं मला वाटलं, पण मी काही विचारलं नाही. मी इतिहास सांगण्यात गुंग होते. फौज इकडून आली असेल, तोफा इथं लावल्या असतील, असं माझं हातवारे करत चाललं होतं. निम्मं तर मीच रचत होते.

आता इथं स्काउटांची एक पद्धत सांगायला हवी. पुढं गेलेली तुकडी मागच्यांसाठी वाटेवर दगडांच्या खुणा करत जाते. दगडांचा बाण म्हणजे इकडून या, फुली म्हणजे इकडून नको, गोलात एक दगड म्हणजे इथून परत. मुक्कामाच्या दिवशी बाकीच्या पोरांनी नाल्यापासून टेकडीपर्यंतची वाट त्या खुणांवरून शोधायची, असं आमचं ठरलं होतं. नाल्याच्या काठी मऊ माती, दगड सापडेना. पोरं इकडंतिकडं धावायला लागली. ऊन चढत होतं. माझं लक्ष गेलं, वाटेच्या कडेला पळसाखाली हातभर उंच दगडांची रास. बांधबंदिस्तीच्या कामातून उरलेले असणार.

"अरे, कुठं हुंदडता? हे बघा, इथं आयते पडलेत," मी म्हटलं.

पोरं तुटून पडली. संघनायिका माझ्याजवळ आली. "मॅडम, थे दगड..."

"नंतर सांग गं. ऊन होतंय. उचल चार."

तिनं अंगठ्याकडे बघितलं. मग उचलले.

तासाभरात वरपर्यंत खुणा झाल्या. सुंदर झाल्या होत्या, मी फोटोही काढले. आम्ही परत खाली पळसाशी उतरलो, तेवढ्यात तिचे वडील नाल्याचं पाणी बघून, वर चढून आले आणि पळसाखाली थांबले. रास अर्धी झाली होती. त्यांनी वाकून खाली बघितलं आणि शांतपणे विचारलं, "हे कोनं उचलले?"

"आम्हीच भाऊ. खुणांसाठी."

त्यांनी घसरलेला एक दगड परत राशीवर नीट बसवला. मग म्हणाले, "मॅडम, इथी मानूस पडला हाय. तुमच्या लढाईतला. कोनाचा कोन, थे कोनाले माईत नाई. पन जानारा-येनारा एक दगड ठेवते. का बा, तू पडला थे आमाले माईत हाय. माह्या आज्यानं ठेवला, बापानं ठेवला, मी ठेवला. हिनंबी ठेवला हाय, लायनी पोर होती तवा."

मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. तासभर मी पोरांना तोफा दाखवत होते, आणि त्या लढाईची खरी खूण होती तेवढी माझ्याच सांगण्यावरून उधळली होती. सरांनी हळूच टोपी काढली.

ते लेकीकडे वळले. गोंडीत काहीतरी छोटंसं विचारलं. तिनं मान डोलावली. माहीत होतं.

"मॅडम, जागा चांगली हाय," ते मला म्हणाले. "पानीबी हाय. तुमच्यावर माहा राग नाई, तुमाले माईतच नवतं. पन हिले माईत होतं. दिवसाढवळ्या, बाप हाकेवर असून हिच्या तोंडातून आवाज निंघाला नाई. रातच्याले काही झालं तर हे कोनाले आवाज देईन? नाई पाठवत मी."

मी तेव्हाच सांगायला हवं होतं की भाऊ, ती बोलत होती, मी तिचं तोंड बंद केलं. नाही सांगितलं. जन्मभर लोकांना तोंडावर बोलणारी मी, तिथं गप्प उभी राहिले. परतीच्या वाटेवर कोणी हरभऱ्याला हात लावला नाही.

सोमवारी सकाळी शाळेत जाण्याआधी मी त्यांच्या अंगणात हजर झाले आणि सगळं सांगितलं. तिनं सुरुवात केली होती, मीच म्हटलं नंतर. चूक माझी आहे, तिची शिक्षा रद्द करा. त्यांनी चहा दिला. ऐकून घेतलं. "शिक्षा नाई मॅडम," ते म्हणाले. "तुमी नंतर म्हनलं. पन थिनं आताच म्हनाले पायजे होतं. जगात सगळेच नंतर म्हन्तेत."  बरोबरच होतं ते. माझ्या घरी मलाही लहानपणी 'नंतर'च ऐकवायचे, आणि तो 'नंतर' यायला बरीच वर्षं लागली.

दुपारी मी मुलींना बोलावलं आणि विचारलं, आता काय करायचं? सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. शेवटी संघनायिकेनंच सांगितलं, अगदी बारीक आवाजात, "परत ठेवा लागतीन."

"कुठले दगड कुठले ते कळणार कसं?"

"खुना हाय ना मॅडम. खुना पायत जाऊ."

मी कपाळावर हात मारला. अर्थात! आमच्याच खुणा आम्हाला एकेका दगडापर्यंत नेणार होत्या.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आख्खं पथक निघालं. मैदानात विटा वाहिलेल्या पिशव्या रिकाम्या करून पाठीवर टाकल्या आणि टेकडीवरून खाली एकेक बाण, एकेक फुली मोडत, दगड पिशवीत भरत आम्ही पळसाशी आलो. संघनायिका पुढं. ती सांगायची कुठला दगड कुठं, कुठला खाली, कुठला वर. पोरं विचारत होती, "तुले कसं माईत?" आणि ती पहिल्यांदा सगळ्यांसमोर म्हणाली, "आमच्यात ठेवतेत." कोणी हसलं नाही. उलट एकीनं विचारलं, "मंग ठेवताना काय म्हन्तेत?" तिनं गोंडीतले दोन शब्द सांगितले आणि पोरींनी ते इतके वेडेवाकडे म्हटले की ती खळखळून हसली. शाळेत असं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

रास पुरी झाली. सरांनी समाधानानं शिट्टी तोंडाला लावली.

"सर, एक कमी हाय," ती म्हणाली.

"अगं, एखादा राहिला असेल..."

"सदतीस उचलले होते. मी पायत होती. छत्तीस हाय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. सरांचा चेहरा हळूहळू लाल झाला. मग ते खाली बघत म्हणाले, "एक चपटा, गुळगुळीत होता. माझ्या टेबलावर आहे. कागद उडतात म्हणून..."

 आमच्या सरांची चूक आजवर कोणी पोरानं तोंडावर दाखवली नव्हती. ती अंगठ्याकडे बघणार असं मला वाटलं. तिनं सरांकडेच बघितलं. "मंग आनून द्या सर. आमी थांबतो."

आणि गेले की हो सर! मागच्या गावातून कोणाची तरी गाडी मागून घेतली, बावीस किलोमीटर जाऊन-येऊन दगड घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं तिनं दाखवल्या जागी ठेवला. आम्ही तोवर पळसाखाली चिवडा खात बसलो होतो. माणूस खरा मोठा, हे मी त्यांना तोंडावर सांगणार नाही, म्हणून इथं सांगते.

मी घाईघाईनं तिच्या वडिलांना फोन केला. सगळं रंगवून सांगितलं. पलीकडून, "सरायले म्हनली?" एवढं आलं आणि नंतर नुसतं "हूं." चिठ्ठी आली नाही. सोमवारी नाही, बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. मी रोज तिच्या हाताकडे बघायचे आणि ती नकाराची मान हलवायची. मी मुख्याध्यापकांशी भांडायला गेले, पण अट मीच मंजूर केलेली. बाकीच्या मुली म्हणाल्या, ती नाही तर आम्ही पण नाही. तिनंच त्यांना दटावलं.

निघायच्या शनिवारी सकाळी सातला सगळे मैदानात जमले. पिशव्या, घोंगड्या, गोवऱ्यांचं एक पोतं वाटून घेतलेलं, आयांची गर्दी, सरांच्या शिट्ट्या. संघनायिकाही आली होती. पूर्ण गणवेशात, पण पाठ रिकामी. तिच्या तुकडीच्या पिशव्या तपासून देणं हे तिचं काम होतं आणि ते करायला ती आली होती. एकेकीचा पट्टा ओढून बघत होती, एकीची बाटली बदलून देत होती. मला ते बघवेना. मी उगाच दुसऱ्याच पोरांवर खेकसत होते.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. तिचे वडील. तिला घ्यायला आले होते, आईसोबत कापसाला जायचं होतं म्हणे. ते गाडीवरच बसून राहिले.

तिनं हातातली यादी शेजारच्या मुलीला दिली आणि ती फाटकाकडे गेली. दहा पावलं अलीकडे थांबली. आणि बोलायला लागली. गोंडीत. मोठ्यानं, अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात, हातवारे करत, एकदाही खाली न बघता. आया बोलायच्या थांबल्या. सरांच्या तोंडातली शिट्टी तोंडातच राहिली. बोलून झाल्यावर ती आमच्याकडे वळली आणि तेवढ्याच आवाजात म्हणाली, "मी बाबाले सांगतलं, मले जायचं हाय. त्या दिवशी मी चूप राह्यली थे माही चूक होती. पन आता चूप राहून घरी नाई बसत."

ते गाडीवरून उतरले. स्टँड लावला. लेकीकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही पसरलं ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्या पर्समध्ये आठवडाभर होताच. एक काढून दिली. त्यांनी गाडीच्या सीटवर कागद ठेवून, सावकाश, पूर्ण नाव लिहून सही केली. तिकडे मुलींनी असा कल्ला केला की मुख्याध्यापक ऑफिसातून धावत बाहेर आले. कोणी तिच्यासाठी घोंगडी धरली, कोणी आपली भरलेली पिशवीच तिच्या पाठीवर चढवली. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या आणि मी सगळ्यांना ओरडून सांगत होते, रांगेत उभे राहा, उशीर होतोय.

चिठ्ठी माझ्या हातात देताना ते जरा थांबले.

"मॅडम, थे आता बोलन," ते म्हणाले. "तुमी ऐकजा."

मी "हो भाऊ" म्हटलं.  आणि त्या दिवशी टेकडीचा पायथा येईपर्यंत मी तिच्या शेजारून, ती काय सांगते ते ऐकत चालले.